तिचे बाळंतपण होईपर्यंत थांबण्याबाबत

प्रति,
मा. पशुसंवर्धन अधिकारी साहेब,
नागपूर

विषय : संसर्ग झालेल्या डुकरिणीची विल्हेवाट काही दिवस लांबणीवर टाकण्याबाबत.
संदर्भ : येत्या शुक्रवारी पथक पाठवण्याचा आपला आदेश.

महोदय,

१. मी खाली सही करणारी, कुही तालुक्यातील वराहपालक, नम्रपणे कळवते की आपला आदेश मला मान्य आहे. डुकरिणीच्या गर्भाशयात जंतू आहेत आणि ते एकाही औषधाला जुमानत नाहीत, असा तपासणीचा अहवाल आहे. पशुवैद्य डॉ. अदिती यांनी हात टेकले, यात त्यांचा दोष नाही. आम्ही तिला जिथून विकत आणले तिथे आजार असो वा नसो, खाद्यात औषध घालत, भाजीत मीठ घालावे तसे. जंतू त्यावरच पोसले आणि भोगते आहे ती.

२. तिला इतरांपासून दूर, बैलांच्या रिकाम्या गोठ्यात ठेवले आहे. तिची बादली वेगळी, तिथे जायच्या माझ्या चपला वेगळ्या. डुकरे पाळतो म्हणून नातेवाइकांनी आमच्याकडचा चहा केव्हाच सोडला, त्यामुळे पाहुण्यांची ये-जा नाही. चार दिवस जास्त राहिली तर रोग पसरेल, ही काळजी साहेबांनी करू नये.

३. तिच्या पोटात यंदाही हालचाल नाही, हे डॉक्टरांनी मशीन लावून सांगितले. तिला मात्र कोणी सांगितलेले नाही. कालपासून ती तोंडाने धानाचे तणस ओढून अंथरूण करते आहे. तिला पान्हा फुटला आहे. अशा वेळी बाळंतिणीला जागेवरून हलवत नाहीत, ही रीत साहेबांच्या घरीही असेल. यजमान म्हणाले, "जनावर आहे वं, तिले काय समजते?"

४. समजते. मागच्या दोन्ही वेळी पिल्ले मेलेली निघाली आणि तिला त्रास नको म्हणून आम्ही ती लगेच उचलून नेली. ती तणस उलथून शोधत राहिली. आडवी पडून घुरघुरत पाजायला बोलवायची, कोणी आले नाही की उठून पुन्हा शोधायची. या वेळी पिल्ले तिच्यापुढेच राहू द्यावीत. ती हुंगेल, तिला कळेल. मग पथकाने यावे, गोठ्याचे दार मी स्वतः उघडीन.

५. हा मुद्दा कार्यालयीन नाही, तरी लिहिते. माझे बाळ पोटातच गेले तेव्हा मलाही दाखवले नाही. मनाला लागेल म्हणून घरच्यांनी परस्पर पुरले. एकोणीस वर्षे झाली. त्याला केस होते की नाही, हेही मला ठाऊक नाही. मी विचारले नाही आणि कोणी सांगितले नाही. तिला निदान उलथायला तणस होते.

तरी शुक्रवारऐवजी तिचे बाळंतपण होईपर्यंत थांबावे, एवढीच विनंती.

आपली नम्र,
प्रेमिला नानाजी भोयर
दि. १२ नोव्हेंबर २०२५

सोबत : तपासणी अहवाल व आदेशाची प्रत.

साक्षीदार : नानाजी भोयर (अर्जदाराचे पती). अर्ज वाचला. खरा आहे. प्रेमिला, डोकंभर केस होते त्याले.