उजव्या चाकाचा हब

बाबा, तुम्ही बनवलेल्या हबमध्ये खोट नव्हती. हे एक वाक्य सांगायला मला एवढी वर्षं लागली, आणि तेही तुम्ही नसताना, कागदावर. तुम्हाला माझी सवय ठाऊक आहे. मुद्द्याचं सोडून मी भलतीकडे भटकत जातो, म्हणून आधी ते लिहून टाकलं. आता बाकीचं सावकाश सांगतो.

आपला ट्रक. लष्कराच्या लिलावातून निघालेला, शेवाळी रंगाचा, पुढच्या काचेला तडा गेलेला छोटा फोर-व्हील. तुम्ही आणि काकांनी मिळून तो घेतलात, आणि मुलुंडच्या आपल्या चाळीमागे शेवग्याखाली आणून उभा केलात, तेव्हा शेजारच्यांनी विचारलं होतं, "काय हो, युद्धबिद्ध लागलं की काय?" तुम्ही एका छोट्या कारखान्यात टर्नर. रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेली. मग ट्रक घेऊन गावी जायचं. गावात रस्ता खाली नदीपर्यंतच यायचा. वरच्या वाड्यांना चिरे, कौलं, सिमेंट, सगळं माणसांच्या डोक्यावरून चढायचं. साधी गाडी त्या चढावर टिकत नव्हती. चारही चाकांनी ओढणारी गाडी असली तर मात्र रोजचं काम होतं. तुमचं सगळं म्हातारपण तुम्ही त्या चढावर मांडून ठेवलं होतंत, आणि माझं तरुणपणही. गाडी चालवणार मी, दुरुस्त ठेवणार मी. मला कुणी विचारलं नव्हतं. आपल्यात तशी पद्धतच नव्हती. बी.ए., बी.एड. करूनही एका ऑफिसात टाइपरायटर बडवणारा एकुलता एक मुलगा. त्याला बाप धंदा उभा करून देतोय, तर त्याने नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं?

दर रविवारी सकाळी मी त्या ट्रकखाली उताणा पडलेला असतो. नाकावर ऑइलचा थेंब पडतो, पाठीला खडे टोचतात, आणि वर तुमचा हात पाना मागत असतो. पेट्रोलचं इंजिन काढून आपण डिझेलचं बसवलं, ते मूळच्या जागेत मावेना म्हणून रेडिएटर चार बोटं पुढे सरकवला. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांत दोन-दोन जादा पानं घातली, लोहाराकडून तापवून बाक देऊन, म्हणजे गाडी वर उचलली जावी आणि दगडाला पोट लागू नये. धुराची नळी केबिनच्या बाजूने उभी वर नेली, ओहोळातून जाताना पाणी शिरू नये म्हणून. एक काम संपलं की तुम्ही कमरेवर हात ठेवून गाडीभोवती एक फेरी मारायचात आणि दुसरं काम काढायचात. मी खालून शेवग्याची पानं बघायचो. त्या पानांतून येणाऱ्या उन्हावर मला ओळी सुचायच्या, आणि मी त्या पुटपुटलो की तुमचा बूट माझ्या पोटरीला लागायचा. "मेल्या, पानो धर. कविता मागसून." मी हसायचो. पण आत कुठेतरी वाटायचं की एकेक नटबोल्ट आवळला जातोय तो गाडीचा नाही, माझाच. गाडी जितकी पुरी होत होती तितका मी संपत होतो. हे तुम्हाला कसं सांगायचं? तुम्ही त्या दिवसांत इतके आनंदात होतात.

हब ही तुमची सगळ्यांत लाडकी कामगिरी. डांबरी रस्त्यावर पुढची चाकं सुटी ठेवायची, म्हणजे डिझेल वाचतं आणि आतले दाते झिजत नाहीत. चढ आला की खाली उतरून प्रत्येक चाकाच्या मध्यावरच्या हबची मूठ हाताने फिरवायची, म्हणजे ते चाक आतल्या फिरत्या दांड्याशी जोडलं जातं. एक जरी मूठ सुटी राहिली, तर सगळा जोर त्या बाजूच्या सुट्या दांड्यातून वाहून जातो आणि पुढचा ओढाच संपतो. हे तुम्ही मला पाटीवर खडूने काढून शिकवलंत, अगदी मास्तरांसारखं. विकतचे हब परदेशी, मिळणं कठीण, म्हणून मालकांना विचारून जेवणाच्या सुट्टीत लेथवर तुम्ही स्वतः दोन्ही कातलेत. डबा तसाच परत यायचा. पहिला हब घरी आणलात तेव्हा हात पुसायच्या फडक्यात गुंडाळून आणला होतात. आईसमोर उलगडून म्हणालात, "बघ." आईने बघितलं आणि म्हणाली, "दागिनो समजलंय मी."

त्याच महिन्यात मला घाटकोपरच्या एका शाळेचं पत्र आलं. मराठी शिकवायचं, जूनपासून रुजू व्हायचं. ते पत्र मी माझ्या सातवीच्या कवितांच्या पुस्तकात ठेवलं आणि कुणाला सांगितलं नाही. रोज काढून वाचायचो. दोन वाक्यांचं कोरडं टाइप केलेलं पत्र. पण मला ते चालीत म्हणता यायचं.

मग काका गावाहून आले. त्यांनी बघायचं, पसंत करायचं आणि मेच्या सुरुवातीला मी गाडी घेऊन निघायचं, असं तुमचं ठरलं होतं. तुम्ही सुट्टीसुट्टीने येणार होतात आणि रिटायर झाल्यावर कायमचे. होळीनंतरचा तो रविवार. डोंगराकडच्या दगडखाणीत तुमच्या ओळखीचा मुकादम होता. त्याने हौदा दगडांनी भरून दिला आणि खाणीतून वर येणारा कच्चा चढ दाखवला. "आमचे डंपर पन इकडून नाय जात," तो म्हणाला. तुम्ही म्हणालात, "म्हणानच हाडलंय." गाडी तिथे आणली होतीत ती त्यासाठीच. तुम्ही स्टेअरिंगवर, शेजारी काका. उतरून हब फिरवायचं काम माझं.

डाव्या चाकाची मूठ मी फिरवली. टक्. तुमच्या कामाचा तो आवाज किती नीट होता, बाबा. आता बोनेटसमोरून उजवीकडे जायचं, सहा-सात पावलं. मी निघालो. खाणीच्या कडेला एक पळस उभा होता, धुळीने अर्धा पांढरा पडलेला आणि तरीही पेटलेला. मी थांबलो. शाळेत पाठ केलेल्या कुठल्यातरी कवितेची चाल मनात लागली, नुसती चाल, शब्द येईनात. मी शब्द शोधत उभा राहिलो. काका खिडकीतून ओरडले, "चल रे कवी! डोंगर खय पळान जाणा नाय!" मी दचकून बाजूला झालो. तुम्ही डोकं बाहेर काढून विचारलंत, "दोनय लावलंस?"

"दोन्ही."

गाडी निम्म्या चढापर्यंत झकास गेली. तिथे सुटी खडी होती. मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, खडी उडाली, आणि मला उजवं पुढचं चाक दिसलं. ते ढिम्म उभं होतं, जोर न पोचलेलं. त्या क्षणी मला कळलं. पुढच्या क्षणी ट्रक मागे घसरला, आडवा होत होत आला आणि त्याचं शेपूट एका मोठ्या दगडावर आपटून थांबलं. तो दगड तिथे नसता तर खाली खाणीत चाळीस फूट होतं. काकांच्या कपाळाला खोक पडली. तुमच्या बाजूचं दार अडकलं, म्हणून तुम्ही दोघे डावीकडच्या दारातून उतरून मागे बघायला गेलात. मी पळत उजव्या चाकाशी गेलो आणि मूठ फिरवली. टक्. ती फिरायला एका बोटाचा जोर पुरला.

तुम्ही वळसा घालून आलात. वाकून मुठीवर तळहात ठेवलात. मग हळूच म्हणालात, "लॉक आसा." आणि थोड्या वेळाने, "म्हणजे भार इल्यावर आतून सुटलो." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. शंका घ्यावी असं मी आयुष्यात तुमच्याशी कधी वागलो नव्हतो ना!

काका रुमाल कपाळावर दाबून म्हणाले, "दादा, ह्यो गाडो आपल्या चढार नको रे. एखादो मरतलो."

पुढचा आठवडा मला आजही तास-तास आठवतो. तुम्ही दोन्ही हब सोडवून स्वयंपाकघरात आणलेत, कारण तिथे उजेड चांगला. वर्तमानपत्र पसरून घासलेटात धुतलेत. आई भाकऱ्या थापताना कावली, "पिठाक वास लागता, भायर धुवा तुमची ती चाकां!" तुम्ही ऐकलंच नाहीत. भिंग लावून एकेक दाता बघत होतात. मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसलेलो. सांगावं. आत्ता सांगावं. तुम्ही म्हणालात, "खूण काय दिसणा नाय. पण सुटलो तां खरा. जी खोट दिसणा नाय ती हातात आसता." आणि स्वतःचा उजवा हात उलटा-सुलटा करून बघितलात, कारखान्यात एखादा माल नापास करायचा असला की बघायचात तसा. मी म्हणालो, "बाबा, पुन्हा एकदा चढवून बघू या." एवढं म्हणालो. एवढंच म्हणालो. तुम्ही मान हलवलीत. "तुका ह्या गाडयेत चढार धाडून मी घराकडे जेवतलंय कसो?"

त्यानंतर चार दिवसांनी मी पत्र दाखवलं. "कधी इला ह्यां?" तुम्ही विचारलंत. "परवा," मी म्हणालो. तुम्ही चष्मा लावून दोन्ही वाक्यं वाचलीत, कागद घडीवर घडी घालून परत दिलात आणि म्हणालात, "बरा झाला. एकाचा तरी मार्गी लागला." त्यात टोमणा नव्हता. मी पुष्कळ शोधला.

पाऊस लागायच्या आत ट्रक कुर्ल्याला भंगारात गेला. हब मात्र तुम्ही दिले नाहीत. कुणीतरी दुसऱ्या गाडीला बसवील आणि कुणाचा तरी जीव जाईल, म्हणालात. चाळीमागे वाइसच्या पकडीत आवळून हॅकसॉ करवतीने ते तुम्ही स्वतः कापलेत. लोखंड चांगलं कडक केलेलं, पातं दोनदा तुटलं. वाइस जुनाट, हलायचा, म्हणून मी दोन्ही हातांनी तो दाबून धरला होता. "घट्ट धर, हलाक नको," तुम्ही म्हणत होतात, आणि मी घट्ट धरत होतो. तुमचं कपाळ माझ्या कपाळापासून वीतभर लांब. घाम हबवर पडत होता. तोंड उघडायला एवढी जवळची, एवढी सोपी जागा मला पुन्हा कधीच मिळाली नाही. मी धरून ठेवलं.

तुम्ही मग गावी राहायला गेलाच नाहीत. गणपतीत जायचात, पाहुण्यासारखे, आणि पाचव्या दिवशी परत. मुलुंडच्या त्या दोन खोल्यांच्या गॅलरीत तुमची अकरा वर्षं गेली. कारखान्यातल्या शेवटच्या दोन वर्षांत म्हणे तुम्ही स्वतःचं प्रत्येक काम दुसऱ्याकडून मापून घ्यायचात. हे मला तुमच्या लेथवरच्या जोडीदाराने तुमच्या तेराव्याला सांगितलं, कौतुकाने. "काय माणूस, एवढा कारागीर, पण गर्व नाय." मी त्याला पाणी दिलं.

मी विसरलो होतो की स्वतःला विसरू दिलं होतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या सहा पावलांत कवितेची चाल खरी होती, पळसही खरा होता. पण पुस्तकात ते पत्रही होतं. शिकवायला लागल्यावर मला वाटायचं, हळूहळू हलकं होईल. नाही झालं. वर्गात मुलं एका सुरात कविता म्हणायला लागली की अंगावर काटा यायचा, आणि त्याच वेळी तुम्ही गॅलरीत बसलेले दिसायचात. एकातून दुसरं मला कधी वेगळं करता आलं नाही. खोटेपणाच्या या खोलीतून बाहेर पडायचं दार मीच लावून घेतलं आहे, आणि ते उघडून तुमच्याकडे येण्याची सोय आता उरलेली नाही. हे पत्र कुठे टाकणार? टेबलाच्या खणात जाईल आणि माझ्यामागे मुली रद्दीत काढतील.

एक राहिलं. वर एका ठिकाणी मी लिहिलं होतं, की तो रविवार परत मिळाला तर आधी उजव्या चाकाची मूठ फिरवीन. तिथे आता तुम्हाला नुसती शाईची जाड रेघ दिसेल. लिहिलं, वाचून बघितलं आणि खोडलं. वर्गात मी फार सुखात होतो, बाबा.