डबा धुऊ नगंस

तात्या,

आज संध्याकाळी तुमच्या नातीचा डबा न धुता परत आला. ही गोष्ट तुम्हाला सांगावी असं वाटलं, कारण यात सांगण्यासारखं काय आहे हे कळणारं दुसरं कुणी माझ्याजवळ नाही. घरात तुमचे जावई आहेत, पण त्यांना सांगितलं तर ते म्हणतील, मग धुऊन टाक की. डबा ओट्यावर आहे. झाकणाच्या कडेला चटणीचं तेल आलंय, त्यावरून कळलं. अजून उघडलेला नाही. आधी हे लिहिते, मग उघडते.

मी साताऱ्याला कॉलेजात होते तेव्हा रोज सकाळी रहिमतपूरकडच्या गाडीने तुमचा डबा यायचा. खोलीवरच्या सगळ्याच मुलींचे डबे तेव्हा गावाहून एसटीने येत. कंडक्टरच्या सीटमागे पिशव्यांचा ढीग असायचा आणि स्टँडवर जो तो आपली पिशवी ओळखून उचलायचा. बाकीच्यांचे डबे त्यांच्या आयांनी भरलेले असत, माझा तुम्ही. आई मी शाळेत असतानाच गेली, आणि तुम्ही फौजेतून पेन्शनीवर आलात ते थेट चुलीपुढे बसलात. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस, भाकरी थापायची म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुमची भाकरी मधे पातळ आणि काठाला जाड व्हायची. चटणीत मीठ नेहमी जास्त. घेवड्याची उसळ मात्र अशी जमायची की मुली माझ्या डब्यावर टपून असायच्या. तुमची अट एकच होती. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत पाठवायचा, पण धुवायचा नाही. "डबा धुऊ नगंस," पहिल्याच दिवशी तुम्ही बजावलंत. उन्हाळ्यात त्या डब्याला वास सुटायचा. मुली नाक दाबायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा मी तुमच्याबरोबर गाडीत होते तेव्हा कंडक्टर म्हणाला, "आवं तात्या, पोरीला डबा धुवायला शिकवा की. गाडीत बसवंना." तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "धुतला तर मला काय कळायचं?" तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही त्याला उडवून लावताय.

मग ते लिंबाचं पाणी आलं. खोलीवरच्या एकीने कुठल्यातरी मासिकात वाचलं की सकाळी लिंबूपाणी आणि मध घेतला, भाकरी-भात सोडला, की महिन्यात माणूस बारीक होतो. आम्ही सगळ्याच लागलो. तुमचे डबे भरलेले आले तसे भरलेले परत जायला लागले. मग एका सकाळी स्टँडवर पिशवीऐवजी तुम्हीच उतरलात, डबा काखेत धरून. बाकावर बसलो. तुम्ही विचारलंत, "बरं न्हाई व्हय?" मी म्हटलं, बरी आहे. "मग?" मी म्हटलं, बारीक व्हायचंय. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत. मी काही जाडी नव्हते, तात्या, तुम्हाला आठवत असेल. दुकानात कांदे किती द्यायचे हे विचारावं तशा आवाजात तुम्ही विचारलंत, "किती?" मी डब्याची कडी उघडझाप करत बसले. "मग ठरीव, आन् सांग. तवर ह्ये खा." आपण दोघांनी तिथेच खाल्लं. रागावला नाहीत, समजावलंही नाहीत. दुसऱ्या दिवशी डब्यात दोनऐवजी एकच भाकरी आली, तीही लहान. ती संपली म्हणून पुढे जरा मोठी आली, मग दीड, आणि कधीतरी परत दोन झाल्या. जाड काठ मात्र मी नेहमीच ठेवायचे, ते चावायचे नाहीत. घरी आले की तुम्ही म्हणायचा, "काठ ऱ्हायल्यात म्हंजे तूच जेवलीस. कुत्र्याला घातली असतीस तर काठबी गेलं असतं."

हे वाचून वाटेल की मी तुम्हाला फार शहाणं करून ठेवलंय. तसं नाही. तुम्हाला साखर निघाली तेव्हा सांगलीच्या डॉक्टरांनी गोड बंद सांगितलं. तुम्ही फौजी माणूस, हुकूम म्हणजे हुकूम. गावभर सांगत सुटलात, साखर बंद, कणभर न्हाई. घरातली साखर बरणीसकट शेजारी देऊन टाकलीत आणि चहात गूळ घालायला लागलात. आपल्याच उसाचा, आपल्या डोळ्यांदेखत काहिलीत आटवलेला. जेवण झालं की एक खडा, रानातून आलं की पाण्याबरोबर एक खडा. यात लपवाछपवी काहीच नव्हती. मी तेव्हा लग्न होऊन सांगलीला होते. एकदा गावी आले तर तुम्ही माझ्यासमोरच खडा तोंडात टाकलात. मी म्हटलं, तात्या, हे चालतं का? "आगं, गूळ हाय तो. साखर कारखान्यात हुती, गूळ आपल्या रानात हुतो. त्यानं काय हुतंय?" मलाही ते पटलं. उसाच्या घरात वाढलेल्या माणसाला गुळावर संशय घ्यायचं सुचत नाही. डॉक्टर दर वेळी विचारायचे, साखर खाता का, आणि तुम्ही ताठ मानेने नाही म्हणायचा. मग पायाच्या अंगठ्याला ठेच लागली, ती जखम भरेना. सांगलीच्या दवाखान्यात आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग तुम्ही. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. चादरीखाली आजोबांचा पाय कुठे संपतो ते ती उभी राहून बघत होती. तेराव्याला बायका रडत होत्या आणि मी पंगतीत वाढत होते. मला रडू आलं नाही. सगळ्यांना वाटलं, घट्ट आहे.

घट्ट वगैरे काही नव्हते. मला काही वाटायचंच बंद झालं होतं, आणि जे एक शिल्लक राहिलं होतं ते म्हणजे साखरेची भीती. त्या भीतीने मी खाण्याच्या मागे लागले. आधी नुसतं कोबीचं सूप. घरभर तो वास आणि तुमच्या जावयांचं तोंड बघण्यासारखं. मग आमच्या गल्लीत एका फ्लॅटमध्ये सकाळी पावडरचं दूध प्यायला बायका जमायच्या, तिथे गेले. कुणाचं वजन उतरलं की सगळ्या टाळ्या वाजवायच्या. माझ्यासाठीही वाजल्या. मग भाकरी-भात सगळं सोडून पनीर, अंडी आणि तूप. नंतर एका मोठ्या हॉलमध्ये व्याख्यान ऐकलं आणि दिवसातून दोनदाच, ठरलेल्या वेळेत जेवायला लागले. प्रत्येक वेळी वजन उतरायचं, मी साडी घट्ट खोचायचे, आणि काही महिन्यांत होतं त्याच्यापेक्षा वर जायचं. तुमचे जावई हे सगळं बघत शांतपणे शेंगा सोलून खात राहिले, आणि त्यांचं वजन लग्नात होतं तेवढंच आहे. पण तात्या, वजनाचं काही नाही. यात माझी भूक गेली. पोटात काय चाललंय ते मला आता कळत नाही. घड्याळ बघते आणि जेवते, घड्याळ बघते आणि थांबते. घरात पुरणपोळी असली काय आणि दुधी असला काय, सारखंच.

हे सगळं तुमची नात लहानपणापासून बघत आली. आम्ही बदलीने साताऱ्याला आलो तोवर तिचं शिक्षण झालं आणि तिला शिरवळच्या एका कंपनीत लॅबमध्ये नोकरी लागली. तिथेच मुलींबरोबर खोली घेऊन राहते. माझा निदान एक डाएट संपायचा आणि दुसरा सुरू व्हायचा. तिचं तसं नाही. ती गप्प राहून कमी कमी करत गेली. दिवाळीला आली तेव्हा मनगटातली बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. शंकरपाळ्यांचं ताट पुढे केलं तर म्हणाली, "मम्मी, माझं झालंय," आणि काय झालंय ते मी विचारलं नाही. पावसाळ्याच्या शेवटी कंपनीतून फोन आला, ती काम करता करता खाली पडली म्हणून. मी तेव्हा माझ्या वेळेचे बदाम मोजून वाटीत काढत होते. फोन ठेवला आणि बदाम परत बरणीत टाकले. बरणीचं झाकण लावलं, ओटा पुसला. मला काहीच वाटलं नाही, तात्या. धावत सुटावं, रडावं, देवाला हात जोडावेत, असं काही आतून आलंच नाही. मग चप्पल घातली आणि निघाले.

तिला साताऱ्याला आणलं. इथल्या डॉक्टरीण बाईंनी रक्त तपासलं, फार कमी निघालं. पाळीही कित्येक महिन्यांत आली नव्हती, ते मला तिथे कळलं. हे असंच चाललं तर पुढच्या वेळी ती उठेलच असं नाही, हे बाई तिच्या देखतच बोलल्या. मी विचारलं, कुठला डाएट द्यायचा? बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "डाएट नको. घरात तुम्ही जे करता तेच द्या. भाकरी, भाजी, वरण, थोडा भात, एखादं फळ. आधी थोडं, पण रोज. तिला पन्नाशीतसुद्धा जमेल असं खायला लावा, महिन्यापुरतं नको." बाहेर पडताना मुलगी म्हणाली, "आजोबांसारखा पाय कापावा लागेल म्हणून तूच घाबरवायचीस ना?" तिच्या आवाजात राग नव्हता. मी रिक्षाला हात केला.

सुट्टी संपल्यावर ती परत शिरवळला गेली. आमच्या शेजारचे त्याच कंपनीत आहेत, रोज कंपनीच्या बसने जाऊन येऊन करतात. मी त्यांना विचारलं, डबा न्याल का? ते म्हणाले, "द्या की वैनी, त्यात काय. बसमधी निम्म्यांचं डबंच असत्यात." मग मी पहाटे उठून भाकरी करायला लागले. कितीतरी वर्षांनी पिठात हात घातला. माझीही भाकरी काठाला जाडच होते, तुमच्याकडेच बघून शिकलेली. पहिल्या दिवसापासून डबा लख्ख धुतलेला परत यायचा. आत बोट फिरवलं तर साबणाचा वास. तिने खाल्लं, मैत्रिणींना दिलं, की टाकलं, काही कळायला मार्ग नाही. मी फोनवर म्हटलं, डबा धुऊ नकोस. "ई, मम्मी. वास येईल. काका काय म्हणतील?" मी म्हटलं, काकांना मी सांगते. "पण का?" तुमचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. म्हटलं, धुतला तर मला काय कळणार? पलीकडे तिने पंखा बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तू काय जेवलीस आज?" मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हटलं, माझी वेळ अजून झालेली नाही. तिने फोन ठेवला. त्यानंतर मी डब्यात दोनऐवजी एकच भाकरी घालायला लागले, लहान. डबा धुतलेलाच येत राहिला. मी पाठवत राहिले.

आता उघडते.

भाजीचा कप्पा पुसल्यासारखा आहे. घेवडा दिला होता, एक दाणाही नाही. चटणी थोडी आहे. माझ्याही हाताने मीठ जास्तच पडतं. आणि तळाशी कागदात भाकरीचे काठ आहेत. गोल, जाड, आतून खाल्लेले, एका बाजूला दाताच्या खुणा. मधली भाकरी नाही. मी तो कागद हातात घेऊन ओट्याजवळ उभी राहिले. मग माझ्या लक्षात आलं की मी कागद फार घट्ट धरलाय.

तुमचे जावई आत येऊन विचारून गेले, डोळ्यात काही गेलंय का. मी म्हटलं, चटणी.

उद्या भाकरी थोडी मोठी करीन, फार नाही. हे पत्र मघाशी उद्याच्या पिशवीत टाकलं होतं, तिने वाचावं म्हणून, आणि परत काढलं. तिला यातलं काही वाचायची गरज नाही, जे सांगायचं होतं ते तिने आधीच करून पाठवलंय. आणि तुम्हाला तर पत्र कधी आवडलंच नाही. घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवते.

एक सांगायचं राहिलं. ते काठ मी खाल्ले. वेळ झाली नव्हती, घड्याळही बघितलं नाही, उभ्या उभ्याच खाल्ले, आणि मग राहिलेली चटणी बोटाने पुसून खाल्ली. भूक लागली होती, तात्या.