बेरजेतलं शून्य

प्रिय वेनिंग,

निवाऱ्यातून लिहितेय. इथं सोयाबीनचे तेंपे कच्चेच तळतात आणि शेजारची तुकिनेम ढाराढूर घोरते. आपली तांबडी गाय मेली अजून तुझ्या बाबांची वाट बघत वाटेकडे तोंड करून उभी असते. मला बघवत नाही.

बाबांच्या शंभराव्या दिवसाच्या जेवणाला तू आली नाहीस. सगळं गाव जेवून गेलं, मी दारातच. राग आला, खोटं कशाला सांगू?

लोक अजून तुझ्या आकड्याबद्दलच बोलतात. ज्वालामुखी डोंगराचे हादरे, फुगवटा, वायू, जो तो आपापल्या धोक्याच्या रेषेखाली, म्हणून तुझ्या निरीक्षण केंद्रावरचे सगळे निर्धास्त. तिन्हींचा जोर एकत्र मोजायचं तू काढलंस. ते गावाला पटवलं बाबांनी. "अरे, नुसती मिरची सोसते, नुसता लसूण सोसतो, नुसतं आलंही सोसतं. तिन्ही एकत्र वाटून खा, मग बोल!" लोक त्यांना टोमणे मारायचे, लेकीचा आकडा चढला की पार्दियो डोंगर उतरलाच! हे आपले छाती फुगवून सगळ्यांच्या पुढे उतरायचे.

त्या सकाळी अंगणात गंधकाचा वास येत होता. मी म्हटलं, आज वरच्या कुरणात गवताला जाऊ नका. तर हसले. "आपल्या पोरीच्या यंत्राचं नाक माझ्यापेक्षा तिखट आहे. आकडा खाली आहे ना? मग झालं तर!" विळा घेऊन गेले. ज्याला आपण आजोबा म्हणतो तो डोंगर आग होऊन त्याच कुरणावर उतरला. वायूचं यंत्र राखेनं बुजलं होतं आणि बेरजेत त्याच्या जागी शून्य पडलं होतं, हे आम्हाला मागाहून कळलं. बाबांचा जीव गेला गं त्या शून्यात. माझं माणूस गेलं.

काल तुझे साहेब, हारसोयो, येऊन गेले. तू राजीनामा दिलास म्हणे. अगं, यंत्र गप्प आहे म्हणजे डोंगर गप्प आहे असं नाही, हे आता तुझ्याइतकं कुणाला कळणार? तुझ्या जागी येणारा ते कुणाच्या बापाच्या जिवावर शिकणार? मी उद्या गायी घेऊन वर घरी जातेय. इथं बसून त्यांचं पोट भरत नाही. डोंगर उठला तर उतरेन, पण तुझा फोन आला तरच. दुसऱ्या कुणी कितीही बोलावलं तरी मी घर सोडणार नाही. तुझ्या बाबांसारखीच हट्टी आहे मी. राजीनामा मागे घे, पोरी.

तुझीच,
आई