ठेंगा, बहुमताने मंजूर

३ मार्च, सोमवार
सुनेने अखेर मला ग्रुपात ढकललंच! नाव ‘दवाखाना वाचवा’. पुलाखालचा आपला दोन खोल्यांचा सरकारी दवाखाना महिनाअखेर बंद, असा कागद त्याच्या दारावर लागलाय. मोठं इस्पितळ आहे शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिकडे जा म्हणे. माझे गुडघे तिथवर पोचेपर्यंत दुसऱ्या कुणाचे तरी झालेले असतील.
ग्रुपात एकशेवीस माणसं. सगळी बोलतात, ऐकत कुणीच नाही. लग्नघर परवडलं!
मी चौथी शिकलेली. पण वाचता येतं. आणि कोण फुकटचं शहाणपण पाजळतंय, ते तर न वाचताही कळतं.

५ मार्च, बुधवार
ग्रुप चालवतात ते समोरच्या इमारतीतले मास्तर. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, हातातली छडी काही सुटत नाही. आज त्यांनी नियम क्रमांक सात आणला — सकाळी आठच्या आधी कुणी मत मांडू नये. खाली लिहिलं, ‘सभासदांनी अंगठ्याने मत नोंदवावे.’
अंगठ्याने? घ्या की! ठेंगा दाखवायला मला कुणी शिकवायला नको. दाबला. पिवळाधम्मक, गुबगुबीत अंगठा उमटला. फार बरं वाटलं.
संध्याकाळी मास्तर — ‘नियम सात बहुमताने मंजूर.’
एवढे ठेंगे पडूनही! मी मोजले, सत्तेचाळीस होते. लोकशाही लोकशाही म्हणतात ती हीच असावी.

९ मार्च, रविवार
नियम आठ, नऊ, दहा, अकरा. आठ — फुलांची चित्रं पाठवू नयेत. अकरा — एकदा ठरलेला विषय तीन महिने पुन्हा काढू नये. चारही वेळा ठेंगा. चारही मंजूर.
माझ्या अंगठ्याचं कातडं निघेल, पण या माणसाच्या तोंडावरची माशी उडणार नाही.

११ मार्च, मंगळवार
आता काय म्हणावं! मास्तर जिन्यात भेटले. हात जोडून म्हणतात, "आजी, तुमच्यासारखा खंबीर पाठिंबा दुसऱ्या कुणाचा नाही. एकही ठराव चुकवला नाहीत."
वाटलं, टोमणा मारतोय. मग मीही मारला — "तुम्ही मांडत राहा मास्तर, मी दाखवत राहते."
खूश झाले! कोडगा माणूस!
घरी येऊन बघते तर फोनवर जाहीर — आजी आजपासून ग्रुपच्या दुसऱ्या अ‍ॅडमिन.
सुनेला विचारलं, हे काय असतं? म्हणाली, "आई, कुणी वेडंवाकडं लिहिलं तर पुसायचं, नाहीच ऐकलं तर काढायचं." म्हणजे घरातली थोरली सून. निस्तरायचं तिने, वर बोलणीही तिनेच खायची.

१४ मार्च, शुक्रवार
आज तीन निरोप पुसले. एक केस उगवणाऱ्या तेलाचा — पाठवणाऱ्याला स्वतःला टक्कल. दुसरा म्हणे लसूण उशाशी ठेवा, दवाखान्याची गरजच उरणार नाही. तिसरा माझ्याच जावयाचा.
बोट लावलं की माणसाचं बोलणं गायब! हे बटण मला चाळीस वर्षांपूर्वी मिळायला हवं होतं. आमचे हे मुकेच वारले असते.

१६ मार्च, रविवार
खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीने आज बार उडवला. एकतीस वर्षांची माझी मैत्रीण. जितकं भांडलो तितकंच हसलो. तिच्या नवऱ्याच्या पायाची जखम भरत नाही, एक दिवसाआड पट्टी बदलायला त्याला दवाखान्यात न्यावं लागतं. धरून धरून नेते. दवाखाना गेला तर सगळ्यात आधी तीच मरेल.
आज मास्तरांनी ग्रुपात आरोग्यखात्याच्या कचेरीचं पत्र टाकलं. साहेबाने लिहिलंय, दवाखान्याचा वापर नगण्य आहे. लगेच शिंपीण — ‘नगण्य तुझी अक्कल! ये इकडे, तुझं तोंड शिवून देते. अस्तर लावून.’
माझा चहा नाकातून आला.
मास्तरांना नाही आलं हसू. ‘सत्तावीस तारखेला सुनावणी आहे. ही भाषा साहेबांच्या हाती पडली तर आपलं म्हणणं कोण ऐकेल?’ त्यात खोटं काही नाही. पण पुढचं ऐका — तिला ग्रुपातून काढण्याचा ठराव! मी ठेंगा असा दाबला, असा दाबला! किती जोरात दाबलं ते फोनला कळत नाही, हीच खंत.

१७ मार्च, सोमवार
काढलं तिला. मास्तरांनी लिहिलं, ‘चाळीस मते आवश्यक होती, चाळीस पडली.’
मी तडक खाली गेले. शिंपिणीने मशीन थांबवलं नाही.
"आलीस? इस्त्रीवाला सांगत होता, तुझं मत माझ्या विरुद्ध पडलं म्हणून."
"कायतरीच! मी तुझ्याच बाजूने दिलं."
"नावं दिसतात तिथे. त्याने वाचून दाखवलं तुझं."
"त्याला इस्त्री तरी धड करता येते का? वाचतोय!"
"एकतीस वर्षं तुझे ब्लाऊज उसवून मोठे करत आले गं. कुणाला बोलले नाही. आणि तू मला काढतेस? जा. जाताना दार ओढून घे."
ओढून घेतलं.

१८ मार्च, मंगळवार
सुनेला फोन दाखवला. म्हटलं, बघ बाई, मी ठेंगा दाखवलाय की नाही?
ती माझ्याकडे बघतच राहिली. "आई, अंगठा म्हणजे ‘हो’."
"कुणी ठरवलं?"
"सगळ्या जगाने."
"मला न विचारता?"
म्हणजे सात, आठ, नऊ, दहा, अकरा — सगळ्यांना माझा होकार! मास्तरला कोडगा म्हणत होते. आणि चाळीसच पाहिजे होती, चाळीसच पडली. माझं एक गाळलं तर एकोणचाळीस. मीच काढलं तिला.
जेवण गेलं नाही. नंतर गेलं, पण चव नव्हती.
सून म्हणाली, थांबा, कुणीकुणी दिलीत मतं ते बघू. एकेक नाव वाचत गेली. दूधवाला. त्याची आई. कुलुपं दुरुस्त करणारा. मी. आणि बाराव्या नंबरला — शिंपीण!
स्वतःच्या हकालपट्टीला स्वतःचा अंगठा!

१९ मार्च, बुधवार
आज तिने मशीन थांबवलं.
"म्हणजे मीच मला काढलं?"
"बहुमताने."
मग दोघी इतक्या हसलो की तिचा नवरा जागा झाला. कोण मेलं, विचारत होता.
सून म्हणते, तुम्ही अ‍ॅडमिन आहात, बटण दाबा आणि घ्या त्यांना परत. मनात आलं होतं. पण चोरवाटेने आत घेतलं तर उद्या कुणीही म्हणेल, म्हातारीने आपलं माणूस घुसवलं. ती येईल तर उजळ माथ्याने येईल.
दीड तास टाइप करून ग्रुपात लिहिलं — ‘अंगठा ठेंगा म्हणून कुणीकुणी दाबला? खरं सांगा. मी दाबला. आजी.’
मग दूधवाल्याने लिहिलं, ‘मीपण.’ मग त्याची आई. संध्याकाळपर्यंत तेवीस जण! मास्तरांचा एकूण एक नियम ठेंग्यावर उभा होता.

२१ मार्च, शुक्रवार
फेरमतदान. आता अंगठा बंद, ‘हो’ किंवा ‘नाही’ अक्षरात लिहायचं. मास्तरांनी नियम अकरा पुढे केला, तीन महिने विषय काढता येत नाही. मी लिहिलं, आधी अकराच मताला टाका. पडला. बाकीचेही धडाधड पडले. आठवा तेवढा वाचला. फुलं नकोत यावर सगळ्यांचं एकमत निघालं.
शिंपीण परत आली. शिव्या देणार नाही, असं लिहून दिलं तिने. त्या एका ओळीत दोन शिव्या होत्या.
मास्तर दिवसभर गॅलरीत बसले होते, मांडीवर जाड वही. सून म्हणाली, बंदची कुणकुण लागल्यापासून, गेले पाच महिने ते रोज सकाळी दवाखान्याच्या बाकावर बसून आलेला प्रत्येक रोगी टिपून ठेवतात. नाव, वेळ, कशासाठी आला. ‘नगण्य’ला उत्तर.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं म्हणा.

२३ मार्च, रविवार
शिंपिणीचा पहिला ठराव — मास्तरला काढा!
लोकांना चेव आलाय. कालपर्यंत नियम पाळणारे आज सगळ्यात पुढे. काढायचं बटण हाताशी आलं की ज्याला त्याला खाज सुटते.
ती वर आली. "तुझं ‘हो’ अजून दिसलं नाही."
"त्याला काढलंस तर सत्तावीसला त्याची वही घेऊन कोण जाणार? तू?"
"वही घेऊ त्याच्याकडून. त्याला कशाला न्यायचं?"
"त्याचंच हस्ताक्षर त्याच्याशिवाय कुणाला लागत नाही. आणि तुला काढलं तेव्हा तुला कसं वाटलं होतं?"
"माझं वेगळं."
"प्रत्येकाचं वेगळंच असतं."
"तू कुणाची गं?" म्हणाली आणि गेली.
संध्याकाळी सहापर्यंत मुदत. साडेपाचला मोजलं — हो चाळीस, नाही एकोणचाळीस. बरोबरी झाली तर ठराव पडतो, असं आपणच ठरवलंय. बाकीचे नुसते बघे, मत द्यायची फक्त मी उरलेय. सून विचारते, आई, लिहून देऊ का? म्हटलं, नको. दोन अक्षरं येतात मला.

२७ मार्च, गुरुवार
दवाखाना राहिला! साहेबाने वहीचं पान न् पान मास्तरांकडून वाचून घेतलं.
दुपारी शिंपीण नवऱ्याला पट्टीला घेऊन चालली होती. जिन्यात मला बघून तोंड फिरवलं. फिरवू दे. मागच्या वेळी तिच्या विरुद्ध माझं मत पडलं होतं. या वेळी मी दिलंय.