बिटकॉइनला चहा पाजणार नाही

९ एप्रिल, मंगळवार. गुढीपाडवा
गुढी उभारली. कडुलिंब खाल्ला. बिटकॉइन पाठवले.

सौ. रोहिणीने शिवणकामातून शेवयांच्या मशीनसाठी पैसे साठवले होते. डाळीच्या डब्यात झोपून होते. दिवाळीत मी त्यांना उठवून बिटकॉइनमध्ये घातलं. तिला 'ठेव' असं सांगितलं आहे. खोटं नाही. ठेवलेल्या वस्तूला ठेवच म्हणतात.

आता माझ्या मोबाईलमधल्या वॉलेटातून ते एक्स्चेंजवर जातील, तिथे विकले जातील, रुपये बँकेत येतील आणि नागापूर एमआयडीसीतल्या विल्सनने तयार ठेवलेलं मशीन मिरजगावात आमच्या ओट्यावर येईल. उद्या संध्याकाळपर्यंत सगळं.

पाठवताना मोबाईलने एक आगाऊ प्रश्न विचारला. फी किती देता? जलद, मध्यम की सावकाश? जगात कुठे कुठे मायनर म्हणून लोक बसलेले असतात, ते व्यवहार वहीत चढवतात. जो जास्त फी देतो त्याचा व्यवहार आधी चढतो.

मी हसलो. तलाठ्याला चहा पाजला नाही म्हणून सातबाऱ्यावर आमचं 'श्रीमंत' हे नाव चार वर्षं 'श्रीपत' राहिलं. सहन केलं. आणि आता कुठल्या परदेशी खाणवाल्याला चहा पाजू? घालता येईल तो सर्वांत खालचा आकडा घातला.

भाषणात घेणे: लाचेला इंग्रजीत फी म्हटलं म्हणून ती आंघोळ करून येत नाही. (इथे थांबावे. टाळ्या.)

१० एप्रिल, सकाळ
मोबाईलवर 'अनकन्फर्म्ड'. म्हणजे वहीत अजून चढलेलं नाही. घाई नाही. जगातली कुठलीही क्रांती एका रात्रीत झालेली नाही.

संकल्प: दिवसातून दोनदाच बघायचं.

१० एप्रिल, दुपार
आजचं दोनदा सकाळीच संपलं. उद्याच्यातलं एकदा उसनं घेतलं. अनकन्फर्म्ड.

१२ एप्रिल
विल्सनचा फोन. गडी सज्जन आहे, बोलणं मऊ, पण पैशाच्या बाबतीत श्रद्धा कमी. म्हणाला, सर, पैसे काय दिसंनात मला. मी त्याला समजावलं की पैसे निघालेले आहेत, फक्त कन्फर्मेशन व्हायचं आहे. तर म्हणतो, कन्फर्मेशन आमच्या चर्चमध्ये पण असतं सर, पण त्याला फादर तारीख देतात. तुमच्याकडे तारीख कोण देतं?

मी म्हणालो, कुणीच देत नाही, हेच तर या व्यवस्थेचं सौंदर्य आहे. कुणी मालक नाही, कुणी साहेब नाही. त्याने पलीकडे वहीची पानं चाळली. मग म्हणाला, अक्षय तृतीयेच्या आधी मशीनला लई मागणी असते, महिनाअखेरपर्यंत तुमच्या नावावर ठेवतो, पुढं माझाही नाइलाज.

महिनाअखेर. मला वाटलं होतं हा परवापर्यंतची मुदत देईल. निश्चिंत झालो.

१३ एप्रिल
मेहुणा आला. आदिनाथ. साखर कारखान्यात चिटबॉय होता, म्हणजे कुणाचा ऊस कधी तोडायचा याच्या चिठ्ठ्या वाटणारा. त्याच्या काळात ज्याने त्याला हॉटेलात नेलं त्याचा ऊस हिरवा असताना गाळपाला गेला, आणि ज्याने नेलं नाही त्याचा शेतात वाळून चिपाड झाला. याच विषयावर मी बाजारतळावर त्याच्या देखत दीड तास बोललो होतो. तेव्हापासून तो माझ्याकडे इतक्या प्रेमाने का येतो, हे मला कधी कळलं नाही.

सौ.ने त्याला सांगून टाकलं की ठेव अडकली आहे. त्याने माझा मोबाईल मागितला, बघितला आणि त्याच्या चेहऱ्यावर गावाकडची ओळख पटल्यासारखा आनंद दिसला. म्हणाला, दाजी, ही तर आपल्या कारखान्याचीच तऱ्हा हाय. तुमची गाडी तळावर उभी हाय. मागनं आलेल्या गाड्या काट्यावर चालल्या. त्यांनी पाजलाय, तुमी न्हाई पाजला.

मी त्याला सांगितलं की ही जागतिक, गणिती, निःपक्षपाती यंत्रणा आहे. तो म्हणाला, व्हय, मी पन निःपक्षपातीच हुतो. कुनाचाबी चहा पीत हुतो.

जाताना बोटाने दाखवून गेला की वॉलेटमध्ये 'फी वाढवा' असं बटण आहे. बटण मला माहीत होतं. मी त्याच्याकडे बघत नाही एवढंच.

१५ एप्रिल, अकोले
व्याख्यानमाला. विषय 'मध्यस्थ हटवा'. सभागृह भरलेलं. आवाज लागला होता. म्हणालो, मित्रहो, बँक तुम्हाला रांगेत उभं करते. आम्ही रांगच मोडून काढली आहे. टाळ्या, खऱ्या.

शेवटी प्रश्न. मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या, दूध डेअरी चालवतात म्हणे. त्यांनी विचारलं, सर, तुमचे स्वतःचे पैसे किती वेळात पोचतात? मी या प्रश्नाचं उत्तर नाण्याच्या उगमापासून सुरू केलं. नोटाबंदीपर्यंत पोचलो तेव्हा संयोजकांनी आभाराचं भाषण सुरू केलं. बाईंचं समाधान झालं असावं, कारण त्या निघून गेल्या होत्या.

परतीच्या जीपमध्ये मोबाईलला रेंज आली. अनकन्फर्म्ड.

१८ एप्रिल
आज एकदाही बघितलं नाही. (मोबाईल बंद पडला होता.)

शेजारच्या लंकाबाई सौ.शी बोलत होत्या. नातीचं लग्न आहे, रुखवतात हाताच्या नव्हे तर मशीनच्या बारीक शेवया हव्यात असं सोयऱ्यांनी कळवलंय. मशीन येनार म्हनून गहू ओलवायला काढलेत गं, म्हणाल्या. कधी येतंय? सौ.ने माझ्याकडे बघितलं. मी पेपरकडे बघितलं. सौ. म्हणाली, यांची ठेव मोडली की येतंय.

लंकाबाई म्हणाल्या, गुर्जी, ठेव हाय का दगूड? मोडंना.

२१ एप्रिल, रविवार
बातमी वाचली. मायनर लोकांना वहीत पान जोडल्याबद्दल जे बक्षीस मिळतं ते काल निम्मं झालं. आणि नेमकी त्याच वेळी सगळ्या जगाला पाठवापाठवीची हौस आली आहे, त्यामुळे फी आभाळाला भिडली. पगार निम्मा झाला की माणूस संप करतो. हे लोक चहा वाढवून मागतात.

तक्रार लिहायला बसलो. दोन पानं झाली, भाषा जमली होती, 'अंधाधुंद' हा शब्द फार चांगल्या जागी पडला होता. मग पत्ता शोधायला लागलो. शाखा नाही. मॅनेजर नाही. तक्रारपेटी नाही. मालक नाही, साहेब नाही. हे सगळं मीच अकोल्यात अभिमानाने सांगितलं होतं. पत्र 'महोदय' इथपर्यंत ठेवून दिलं आहे. उपयोगी पडेल.

२३ एप्रिल
सौ. बोलत नाही. म्हणजे बोलते, पण फक्त गॅस सिलेंडरविषयी.

दुपारी 'फी वाढवा' हे बटण उघडून बघितलं. केवळ अभ्यासासाठी. आकडा बघून बंद केलं. इतका चहा तर आदिनाथने उभ्या नोकरीत प्यायला नसेल.

२५ एप्रिल, पहाटे
यश. ज्या वेबसाइटवर व्यवहार दिसायचा तिथून 'अनकन्फर्म्ड' हा शब्द गेला. आता तिथे व्यवहारच दिसत नाही. म्हणजे मार्गी लागला. काम झालेल्या माणसाचं नाव यादीत कशाला ठेवतील?

सौ.ला उठवून सांगितलं. तिने लंकाबाईंना भिंतीवरून सांगितलं. विल्सनला फोन करून म्हणालो, टेम्पो बघ.

भाषणात घेणे: सत्याची गाडी उशिरा येते, पण चहा न पाजता येते.

२५ एप्रिल, संध्याकाळ
एक्स्चेंजवर शून्य.

वॉलेटमध्ये सगळे पैसे जिथल्या तिथे. कुठे गेलेच नव्हते. गर्दी फार झाली की सर्वांत कमी फीचे व्यवहार यंत्रणा परस्पर काढून टाकते, असं वाचनात आलं. हे कुठल्याही ग्रंथात मला पूर्वी आढळलं नव्हतं.

आदिनाथला कुणी सांगितलं कळेना. फोन करून म्हणाला, दाजी, गाडी तळावरनं माघारी घरी आली म्हना की. बैलांना पानी दाखवा.

विल्सनला पुन्हा फोन करणं जड गेलं. म्हणाला, सर, काही हरकत नाही. मग म्हणाला, पण तीस तारीख.

पुन्हा पाठवता येतील. भाव मात्र उतरला आहे, आणि फी मूळ मुद्द्यावर अडली आहे. मुद्दा मी सोडणार नाही.

२८ एप्रिल
सौ.ने सरळ विचारलं. ठेव कुठल्या बँकेत आहे? मी म्हणालो, बँकेत नाही. मग कुठल्या पतसंस्थेत? मी सांगायला सुरुवात केली. साखळी, वही, खाण, स्वातंत्र्य. तिने सगळं ऐकून घेतलं. तीस वर्षांच्या संसारात तिने माझं एवढं लांब भाषण पहिल्यांदा बसून ऐकलं. शेवटी म्हणाली, म्हणजे माझे शिवणाचे पैसे तुमच्या मोबाईलमध्ये हायत, तुमच्या हातात मोबाईल हाय, आन तरी तुम्हाला ते काढता येईनात.

याला प्रत्युत्तर आहे. उद्या सुचेल.

३० एप्रिल
मशीन आलं.

मला बाजारातून आल्यावर ओट्यावर दिसलं. हकीकत अशी: सौ.ने लंकाबाईंच्या ओट्यावर गल्लीतल्या बायका बोलावल्या. सगळ्यांनी आपापल्या शेवयांची मजुरी आगाऊ दिली, वर लंकाबाईंनी रुखवताच्या खर्चातून भर घातली. लंकाबाईंनी बोट ओलं करून नोटा मोजल्या. सौ.ने मोजल्या. विल्सनच्या टेम्पोवाल्याने मोजल्या. तीन कन्फर्मेशन. चहा व्हायच्या आत.

सौ. आता कितीतरी दिवस फुकट शेवया पाडणार, आगाऊ घेतलेली मजुरी फिटेपर्यंत. मी तिला म्हणालो की सामूहिक भांडवलाचा हा प्रयोग वैचारिकदृष्ट्या माझ्याच दिशेचा आहे. ती म्हणाली, रवा चाळून द्या.

३ मे
दारात डबे आणि घागरी. रवा घेऊन बायका पहाटेपासून. रांगेवरून भांडणं होतात म्हणून सौ.ने मला काम दिलं: डब्यांवर खडूने नंबर घालायचे. मी पहिल्या दिवशीच जाहीर केलं, इथे ओळख चालणार नाही, नातं चालणार नाही, आधी येईल त्याचा आधी. बायकांनी माना डोलावल्या. आयुष्यभर ज्या समाजाचं स्वप्न सांगत आलो तो माझ्या ओट्यावर उभा आहे.

९ मे, गुरुवार. उद्या अक्षय तृतीया
गर्दी. सौ.च्या पाठीला कळ लागली होती तरी मशीन चालू. लंकाबाई उशिरा आल्या. त्यांचा डबा शेवटून तिसरा. परवा सोयरे रुखवत बघायला येणार, म्हणाल्या, गुर्जी, जरा पुढं घ्या की. मी त्यांना रांगेचं महत्त्व सांगायला लागलो. त्यांनी विसाची नोट माझ्या मुठीत दाबली. म्हणाल्या, घ्या, खडूला.

विचार केला. बाई अडचणीत. वेळेला किंमत असते. जास्त निकड त्याचं काम आधी, आणि निकड मोजायचं दुसरं माप जगाने अजून शोधलेलं नाही. शिवाय खडू खरोखर संपत आला होता. डबा दुसऱ्या नंबरावर घेतला. ही लाच नव्हे. फी आहे.

मान वर केली तर पायरीवर आदिनाथ. कधीपासून बसला होता कोण जाणे. आत मशीनच्या आवाजात सौ.ला काही ऐकू गेलेलं नव्हतं. त्याने आतल्या दरवाजाकडे बघितलं, मग माझ्या मुठीकडे. मग एवढंच म्हणाला, दाजी, चहा सांगा की.

सांगितला. स्पेशल.