काकांची चौकट

३ फेब्रु. २००३, सोमवार
आईला बूथवरून फोन केला. म्हणाली, तिथून तरी पळून येऊ नको आता. सुरत सोडलं, पनवेल सोडलं. बीडहून एवढ्या लांब, रत्नागिरीच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात टिकलो ते मशीनवरच्या बाबूकाकांमुळं. त्यांच्याच खोलीत राहतो. माशाची आमटी आता घशाखाली उतरते.

६ फेब्रु.
मालकांचे मिलिंददादा मुंबईहून कॉम्प्युटर शिकून आलेत. कारखाना प्रोग्रॅमवर चालवणार, पण आधी फळ्यावर. चौकटी काढल्या. कॉम्प्रेसर, टाकी, पंप. प्रत्येकीत काय जातं नि काय बाहेर येतं, तेवढं पक्कं ठरवायचं. एकीनं दुसरीच्या आत बघायचं नाही. मग सगळ्या जोडून गणितानं तपासायचं, कुठं अडतंय का.
एक चौकट बाबूकाकांची. काका खूश. "मेल्या, माझा पण फोटो काढलान काय!"

११ फेब्रु.
दादा म्हणाले, काका तुझ्याशी मोकळं बोलतात, तूच विचार नि लिहून दे. आठवी नापासाला लिहायचं काम! प्रेशरचा काटा वर गेला की काय करता, आवाज बदलला की काय करता... काका सांगायला लागले की थांबत नाहीत.

१७ फेब्रु.
दादांनी आज काकांची चौकट पुसली. तिथं 'कंट्रोलर' लिहिलं, म्हणजे माणसाशिवाय मशीन चालवणारी पेटी. जाणारं तेच, येणारं तेच. बाकी फळ्याला हात नाही.
"हीच तर गंमत! एक काढून दुसरी बसवली, तर शेजारच्यांना पत्ता नाही. आत काय भरायचं ते काकांकडून काढून घे."
जेवलो नाही.

१८ फेब्रु.
सुटल्यावर धक्क्यावर काकांना सांगून टाकलं. उद्यापासून काही बोलू नका, तुमच्याच जागेवर...
"कळलाय रे मला. कधीच."
"मग सांगताय कशाला?"
"एवढी वर्षं झाली. बाबू, तू करतोस तरी काय, असं कोणी विचारलं नाय कधी."


२० फेब्रु.
काकांनी माझा तळवा कॉम्प्रेसरच्या पाइपवर ठेवला. काटा ठीक असतो, पण इथं थरथर आली की लगेच बंद करायचं, नाहीतर गॅस सुटेल. "एवढंच राहिलं होतं. लिहायचं की नाय, ता तू बघ."
नाही लिहिलं तर उद्या कुणाच्या तरी जिवावर. लिहिलं तर काका घरी.
दादा विचारत आले, "काकांचं सगळं आलं ना?"
म्हटलं, काकांना विचारून सांगतो.
काका शेजारीच उभे होते.