उरलेल्या हिरव्या पत्रावळी ताब्यात घेणेबाबत

प्रति,
मा. गटविकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती, पारनेर, जि. अहिल्यानगर

विषय: देवळातील प्लास्टिकच्या पत्रावळी शनिवारच्या हनुमान जयंतीच्या भंडाऱ्याआधी जप्त करणेबाबत.
संदर्भ: गाईचा शवविच्छेदन अहवाल, दि. ८ एप्रिल २०२५.

महोदय,

अर्ज करतो की, सप्ताहाची कोठी मी अठरा वर्षे सांभाळतो. कीर्तनाचे मला वेड. टाळ वाजला की पाय घरात ठरत नाही. आमच्याकडे जेवण उरकले की उष्ट्या पत्रावळी गुरांपुढे टाकतात, प्रसाद मातीत जाऊ नये म्हणून. आजवर त्या पळसाच्या असत; राजूरच्या गोजरबाई बांधून पाठवीत.

यंदा मी त्यांना निरोपच धाडला नाही. दुकानदाराने पानाचे चित्र छापलेल्या हिरव्यागार पत्रावळी दाखवल्या. "कागदच हाय, बाबा," म्हणाला. मी नखाने खरवडूनही पाहिले नाही.

रविवारी सांगतेनंतर नूरमहंमद शेख याच्या गाभण गाईपुढे मी स्वतः पाटीभर पत्रावळी ओतल्या. आमटीच्या चवीने तिने सगळ्या खाल्ल्या. मंगळवारी पोट फुगून गाय मेली. डॉक्टरांनी पोट फाडले तर आत प्लास्टिकचा बुळबुळीत गोळा, आणि त्यावर छापील पान जसेच्या तसे. त्यातला एक तुकडा मी मागून घेतला. नूरमहंमद दर सप्ताहाला आमटीच्या कढईसाठी लाकडे फोडून देतो. त्याला म्हटले, "अरे, तू तरी बघायचं." तर म्हणाला, "मामा, परसाद हुता. न्हाई कसं म्हनू?"

आज सकाळी हे देवळाच्या समितीपुढे मांडले. अध्यक्ष म्हणाले, "आणल्यात तर संपवू. गुरांना नको तर ओढ्यात टाका." ओढ्याच्या काठीच गावाची पिण्याची विहीर आहे! दुसरे म्हणाले, "आसाराम, कीर्तनात मान डोलवतोस तेवढी डोलव, कारभार शिकवू नको." साहेब, सात दिवस भूतदया ऐकून आमच्या कानात एवढेच शिरले असेल, तर आमच्या टाळ्यांची मला किळस येते. माझ्याही.

तरी शुक्रवारपर्यंत माणूस पाठवून पंचनामा करावा आणि उरलेले अकरा गठ्ठे उचलावेत. खरेदी माझ्या सहीची आहे, म्हणून पहिली कारवाई माझ्यावर करावी. शनिवारी ज्याने त्याने घरचे ताट आणावे, असे मी देवळाच्या भोंग्यावरून सांगितले आहे. लोक हसले. गठ्ठे ठेवलेल्या खोलीची किल्ली देवळाच्या समितीने दोनदा मागितली. मी दिलेली नाही. ती आपल्या माणसाच्याच हातात देईन.

आपला नम्र, आणि या कामात दोषी,
आसाराम वैजनाथ खोसे
दि. ९ एप्रिल २०२५

सोबत:
१) अहवालाची प्रत
२) गाईच्या पोटातून निघालेला तुकडा, धुऊन, कागदात गुंडाळून